ऑगस्टमध्ये अडलेला काटा

२००८ ते २०२४ या काळात आयर्लंडमध्ये जानेवारी उजाडला की आरटीई या राष्ट्रीय वाहिनीवर ‘ऑपरेशन ट्रान्सफॉर्मेशन’ सुरू व्हायचं. देशभरातून निवडलेली चार-पाच माणसं दर आठवड्याला सगळ्यांदेखत वजनकाट्यावर उभी राहायची, तज्ज्ञ मंडळी त्यांच्या आठवड्याचा हिशेब मांडायची आणि घरोघरी प्रेक्षक त्यांच्यासोबत तोच आहार, तेच व्यायाम सुरू करायचे. साधारण आठ आठवड्यांत कार्यक्रम संपायचा. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या ‘बॉडीव्हाइज’ या आयरिश संस्थेने या जाहीर वजनमापनावर वर्षानुवर्षं टीका केली आणि ती रास्तच होती. पण माझा आक्षेप वेगळा आहे, तो कॅलेंडरशी निगडित आहे. वजन कमी करणाऱ्या माणसांचे अभ्यास पाहिले तर काटा अडतो तो बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात. जानेवारीत सुरुवात केलेल्या माणसासाठी हे जुलै-ऑगस्ट झाले. म्हणजे ज्या घडीला माणसाला खरी मदत हवी, तेव्हा कॅमेरे जाऊन चार-सहा महिने झालेले असतात. मग तो जे करतो ते जवळपास सगळेच करतात: रोज अर्धा तास चालत होतो, आता पाऊण तास चालू. हा उपाय सहसा का फसतो आणि त्याऐवजी व्यायामात कोणता बदल करावा, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी काटा अडतो म्हणजे काय होतं ते पाहू. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेला हिशेब आजही जिममधल्या भिंतींवर दिसतो: ३,५०० कॅलरींची तूट म्हणजे एक पौंड वजन कमी. म्हणजे रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला एक पौंड, वर्षाला बावन्न पौंड. हा हिशेब शरीराला बँकेतली ठेव समजतो आणि ठेव कमी होते तसा खर्चही कमी होतो हे विसरतो. तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दुरुस्त हिशेब मांडला. आहारात रोज २४ कॅलरींची कायमची घट केली तर वजन अखेरीस सुमारे एक किलोने उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. हाच हिशेब उलट वाचला तर दहा किलो उतरवलेल्या माणसाच्या शरीराचा रोजचा खर्च सुमारे २४० कॅलरींनी कमी झालेला असतो. ज्या तुटीवर त्याने सुरुवात केली, तिचा निम्मा भाग त्याच्या यशानेच खाऊन टाकलेला असतो. डब्लिनमधल्या भारतीय दुकानातून दहा किलो तांदळाची बॅग उचलून गाडीपर्यंत नेली की दम लागतो. ती बॅग हा माणूस झोपेतसुद्धा अंगावर वागवत होता. ती उतरली, तेव्हा ती वागवण्याचा खर्चही गेला.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण व्यायामाबद्दलचे बहुतेक गैरसमज तिच्यापासून सुरू होतात. आयरिश हार्ट फाउंडेशनने १९९६ मध्ये ‘स्ली ना स्लॉन्त’ नावाचे चालण्याचे मार्ग आखायला सुरुवात केली. गावोगावच्या रस्त्यांवर किलोमीटरागणिक खांब आणि त्यावर रंगीत फलक, एवढाच त्याचा सरंजाम. समजा, नव्वद किलोचा माणूस अशा मार्गावर रोज पाच किलोमीटर चालतो. सपाट रस्त्यावर चालण्याचा निव्वळ खर्च, म्हणजे नुसतं बसून राहिलो असतो तर लागला असता तो वगळून, किलो वजनामागे किलोमीटरला सुमारे अर्धी कॅलरी असतो. म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. तोच माणूस ऐंशी किलोचा झाला की त्याच रस्त्याला दोनशे कॅलरी लागतात. फरक फक्त पंचवीसचा, चहात घातलेल्या दीड चमचा साखरेएवढा. तेव्हा ‘शरीराला व्यायामाची सवय झाली, म्हणून वजन थांबलं’ हे जे सर्रास सांगितलं जातं, ते निदान चालण्याच्या थेट हिशेबात बसत नाही. चालणं निकामी झालेलं नाही. बदललं आहे ते उरलेल्या तेवीस तासांचं गणित.

तरीही सवयीच्या या समजुतीत तथ्याचा एक कण आहे आणि तो मोलाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ लीबेल, मायकल रोझेनबॉम आणि ज्यूल्स हर्श यांनी स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून, खाणं मोजून देऊन, त्यांचं वजन दहा टक्क्यांनी उतरवलं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शरीराचा खर्च नुसत्या घटलेल्या वजनाने समजावता येईल त्याहून अधिक उतरलेला आढळला. शरीर काटकसरीला लागलं होतं. २००३ मध्ये रोझेनबॉम यांनी ही काटकसर नेमकी कुठे होते ते शोधलं. स्थिर सायकलवर अगदी हलकं पेडल मारताना या लोकांचे स्नायू पूर्वीपेक्षा कमी इंधनात तेवढंच काम करत होते. पेडलचा जोर वाढवला तसा हा फरक पुसट होत गेला. म्हणजे वजन उतरलेलं शरीर कंजुषी करतं ते मुख्यतः सावकाश, हलक्या कामात: घरात वावरताना, दुकानात जाताना, रमतगमत चालताना. आणि काटा अडल्यावर बहुतेक लोक भर घालतात ती नेमकी याच जातीच्या कामात.

मग पाऊण तासाऐवजी दीड तास चाललं तर? कागदावर तूट वाढते, पण शरीर कागद वाचत नाही. ‘दुहेरी लेबल’ लावलेल्या पाण्याने माणसाचा दिवसाचा एकूण खर्च मोजता येतो. अशा शेकडो माणसांची मोजमापं एकत्र करून २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हालचालीत खर्च होणाऱ्या दर शंभर कॅलरींपैकी सरासरी अठ्ठावीस शरीर दुसरीकडे कुठेतरी वाचवतं, आणि ज्यांच्या अंगात चरबी जास्त, त्यांच्यात ही वजावट आणखी मोठी. बाकीचा घास भूक घेते. याचा सर्वांत चतुर पुरावा व्यायामाच्या प्रयोगातून आलेला नाही, तो मधुमेहाच्या एका औषधाच्या चाचणीतून आला. त्या औषधाने रोज थोडी साखर लघवीवाटे निघून जाते. रुग्णाला ते जाणवत नाही, त्यामुळे तो मुद्दाम कमी किंवा जास्त खात नाही. तरीही वजन काही महिन्यांत थांबलं. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यातून हिशेब काढला: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. सहाव्या-आठव्या महिन्यातला अडथळा हा मुख्यतः या भुकेचा खेळ आहे. खर्चाची घट सावकाश होते, तिच्या भरवशावर वजन थांबायला दोन-तीन वर्षं लागली असती. तेव्हा अडलेल्या काट्याकडे पाहून ‘मी तर तेवढंच खातोय’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. वाढलेल्या भुकेने त्याच्या ताटात भात एक डाव जास्त पडतो, आणि तो त्याच्या नजरेस येत नाही.

इथे समोरचा पक्ष विजयी मुद्रेने म्हणेल: मग व्यायामाचा विषयच सोडा, ताट सांभाळा. या आक्षेपात पहिला अर्धा भाग बरोबर आहे. नुसत्या व्यायामाने उतरणारं वजन थोडं असतं, हे आता वादातीत आहे आणि अडलेला काटा पुन्हा हलवायचा असेल तर ताटाचा हिशेब पुन्हा मांडावाच लागतो. पण दुसरा अर्धा भाग चुकतो, कारण तो काट्यालाच एकमेव साक्षीदार मानतो. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डेनिस विलारियल यांच्या गटाने केलेला एक अभ्यास आला. पासष्टीपुढच्या, लठ्ठ आणि अशक्त होत चाललेल्या १६० माणसांवर सहा महिने केलेला हा प्रयोग. आहार सगळ्या व्यायाम-गटांना सारखाच. एका गटाला चालणं-सायकल असा दमसासाचा व्यायाम, दुसऱ्याला वजनं उचलण्याचा, तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्क्यांनी उतरलं. काट्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, व्यायाम कोणता यानं काही फरक पडत नाही. पण चरबीव्यतिरिक्तचा भाग, ज्यात स्नायू येतात, तो नुसतं चालणाऱ्यांचा ५ टक्क्यांनी घटला होता, वजनं उचलणाऱ्यांचा २ आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडाची घनता चालणाऱ्यांमध्ये ३ टक्क्यांनी उतरली, वजनं उचलणाऱ्यांमध्ये अर्ध्या टक्क्याने. खुर्चीतून उठणं, जिने चढणं अशा कामांच्या चाचणीत दोन्ही करणाऱ्यांची सुधारणा २१ टक्के, इतरांची १४. एकाच आकड्यामागे तीन वेगवेगळी शरीरं होती.

ज्यांची मुळं आपल्याकडे आहेत, त्यांना तर या मुद्द्याकडे डोळेझाक परवडणारी नाही. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत भारतीय नागरिक ४५ हजारांहून अधिक होते, सहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट. त्यातला मोठा वर्ग संगणकासमोर बसणारा, तिशी-चाळिशीतला. या शरीरांविषयी सर्वांत बोलकं चित्र पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. एकजण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातल्या लिफ्टचं दार मिटण्याआधी ती गाठणं, अशी मिश्कील पुस्तीही त्या पानावर होती. गंमत बाजूला ठेवली तरी निष्कर्ष गंभीर आहे: भारतीय शरीर बारीक दिसतानाही स्नायूंनी गरीब आणि पोटाच्या चरबीने श्रीमंत असू शकतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी धोक्याच्या खुणा बीएमआय २३ आणि २७.५ इतक्या खाली सुचवल्या. असा माणूस लूकन किंवा स्वॉर्ड्‌समध्ये राहून रोज चालतो, भाताला हात आखडता घेतो आणि आठ किलो उतरवतो, तेव्हा त्या आठ किलोंत मुळातच तुटपुंज्या स्नायूंचा वाटा किती, हा प्रश्न त्याने काटा अडण्याची वाट न पाहता विचारायला हवा.

तेव्हा बदल करायचा तो पहिला हाच: आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जड वाटेल असं काम. यासाठी लोखंडी डंबेल्स लागतातच असं नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठून बसणं ज्याला जमतं, त्याने पुढच्या आठवड्यात बारा वेळा उठावं, मग पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं भरून उठावं, मग खुर्ची काढून टाकावी. मापदंड साधा आहे: शेवटच्या दोन-तीन वेळा ‘आता आणखी जमणार नाही’ असं वाटलं पाहिजे, आणि तसं वाटेनासं झालं की वजन किंवा संख्या वाढली पाहिजे. आपल्या तालमीतल्या वस्तादाला हे सांगावं लागत नसे. जोर आणि बैठकांची संख्या चढती ठेवणं, मुद्गल जड करत नेणं हीच तिथली शिस्त होती. ती शिस्त सोडून मराठी मध्यमवर्गाने ‘मॉर्निंग वॉक’ एवढाच व्यायाम उरवला, आणि परदेशी जाताना तोच सोबत नेला. आयर्लंडमधली परिस्थितीही फार निराळी नाही. तिथल्या शासकीय मार्गदर्शनात आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीसोबत स्नायू बळकट करणारे दिवसही सांगितलेले असतात. पण रस्त्यावर खांब लागतात ते किलोमीटरचे. बैठकांचे खांब कुणी लावत नाही.

एक प्रचलित दावा मात्र इथेच खोडायला हवा. ‘स्नायू वाढवा, ते बसल्या बसल्या चरबी जाळतील’ असं जे सांगतात, त्यांनी बेरीज केलेली नसते. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्चतो, एक किलो चरबी साडेचार. मोठ्या कष्टाने वर्षभरात दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाचा फायदा अर्ध्या बिस्किटाचा. वजनं उचलायची ती या आमिषाने नाही. उचलायची कारण वजन उतरताना शरीर काय टाकून देतं यावर त्याने ताबा येतो, आणि पुढे वजन परतलंच, जे पुष्कळांचं परततं, तर परतताना चरबी आधी येते आणि गेलेला स्नायू सहजासहजी येत नाही.

दुसरा बदल जोराचा. रोझेनबॉम यांच्या सायकलीवर काटकसर हलक्या कामात दिसली, हे ध्यानात ठेवलं तर चालण्यात दम लागणारे टप्पे घालण्याला अर्थ येतो. डब्लिनच्या फिनिक्स पार्कची सपाट वाट सुंदरच आहे, पण विकलोतल्या ५०१ मीटर उंचीच्या ग्रेट शुगरलोफची चढण ज्याला मिळते, त्याला वेगळं काही शोधावं लागत नाही. डोंगर नसेल तर दोन खांबांमधला एक किलोमीटर बोलता येणार नाही इतक्या वेगाने आणि पुढचा सावकाश, असंही चालतं. इथेही अतिशयोक्ती नको. तीव्र टप्प्यांचा व्यायाम आणि सलग मध्यम व्यायाम यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे सांगतात, की चरबी उतरण्यात दोघांमध्ये मोठा फरक नाही. जोराचा खरा लाभ वेळेत आहे. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला. बहुतेकांचं वजन बरंच परतलं होतं आणि विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. ही बातमी जगभर गाजली. तिच्यामागोमाग २०१७ मध्ये आलेली दुसरी अर्धी गोष्ट फारशी कुणी वाचली नाही: ज्यांनी वजन राखलं, त्यांच्या चयापचयाची काटकसर काही सौम्य नव्हती; ते हालचालीत कितीतरी पुढे होते. अभ्यासकांच्या अंदाजाने वजन राखायला रोज सुमारे ८० मिनिटं मध्यम हालचाल किंवा ३५ मिनिटं जोराची हालचाल लागते. नोकरी, मुलं आणि एम-५० रस्त्यावरची वाहतूक कोंडी यांतून रोज ८० मिनिटं काढणारा माणूस विरळा. ३५ जमू शकतात.

तिसरा बदल उरलेल्या दिवसाचा, आणि त्यासाठी एक जुना भारतीय पुरावा आहे. १९५६ मध्ये जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीतल्या कामगारांचा आहार आणि वजन नोंदवलं. हलक्या कामापासून हमालीपर्यंत काम जसं जड, तसा आहार जास्त. वजन मात्र साधारण सारखं. पण सर्वांत बैठं काम करणारे या रांगेत बसले नाहीत: ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा लगाम सुटतो, असा त्याचा अर्थ मेयर यांनी लावला. एकाच काळी घेतलेल्या नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी अडलेल्या काट्याच्या संदर्भात तो विचार महत्त्वाचा ठरतो, कारण सकाळी तासभर घाम गाळून उरलेला दिवस खुर्चीत काढणाराही दिवसभराच्या हिशेबात बैठाच ठरतो. आणि आयर्लंडमध्ये या हिशेबाला ऋतूची मेख आहे. जूनमध्ये डब्लिनला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो; डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या ठोक्यानंतर काही मिनिटांतच, आणि सकाळी साडेआठपर्यंत उगवत नाही. त्यात पाऊस. उन्हाळ्यात आपसूक होणारं चालणं ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की गळून पडतं. ज्याने ऑगस्टमध्ये काटा अडला म्हणून चालणं वाढवलं, त्याची ती वाढ तीन महिन्यांत काळोखाच्या तोंडी जाते. गॅलिक खेळांच्या संघटनेने ‘आयर्लंड लाइट्स अप’ या उपक्रमात गावोगावच्या क्लबांचे मैदानी दिवे हिवाळ्यातल्या संध्याकाळी चालणाऱ्यांसाठी लावायला सुरुवात केली, ती याच अडचणीवरची शहाणी तोड. घरातल्या बैठका तर दिव्याचीही वाट पाहत नाहीत.

हे सगळं एकट्याने जमतं का, हा प्रश्न आयर्लंडमध्ये पद्धतशीरपणे तपासला गेला. ‘मेन ऑन द मूव्ह’ हा बारा आठवड्यांचा कार्यक्रम बैठ्या पुरुषांसाठी स्थानिक क्रीडा भागीदारी संस्थांमार्फत चालवला गेला आणि वॉटरफर्ड व कार्लो इथल्या संशोधकांनी नऊशेहून अधिक पुरुषांच्या आधारे त्याची परीक्षा घेतली. आठवड्यातून दोनदा गटाने एक तास, आणि त्या तासात दमसास, ताकद आणि लवचिकता असं सगळं. तुलनेसाठी थांबवून ठेवलेल्या गटापेक्षा भाग घेणाऱ्यांची तंदुरुस्ती, वजन आणि कंबर सुधारली आणि त्यातला काही लाभ वर्षाअखेरही टिकला. सिंधुदुर्गातल्या वराडशी नातं असलेले लिओ वराडकर आरोग्यमंत्री असताना, २०१६ मध्ये, आयर्लंडचा राष्ट्रीय शारीरिक हालचाल आराखडा आला. त्यातलं लक्ष्य नियमित व्यायाम करणाऱ्यांचं प्रमाण वर्षाला एक टक्क्याने वाढवण्याचं होतं. लक्ष्य बेताचं वाटतं, पण मला ते टीव्हीवरच्या आठ आठवड्यांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतं.

आता एक व्यावहारिक धोका. ताकदीचा व्यायाम नव्याने सुरू केला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा खाली येण्याऐवजी किलोभर वर जाऊ शकतो. काम पडलेले स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. दुखऱ्या स्नायूंत सूज असते ती वेगळी. आधीच निराश झालेला माणूस नेमका इथे व्यायाम सोडतो. त्याने त्या महिन्यात काट्यासोबत शिंप्याची टेप वापरावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर या खुणा बीएमआयपेक्षा पोटाच्या चरबीविषयी अधिक खरं बोलतात. टेप बेंबीजवळ, श्वास सहज सोडल्यावर, दर वेळी त्याच जागी. वजन रोजच्या रोज किलो-दीड किलोने हलतं, म्हणून चार आठवड्यांची सरासरी जागची हलली नाही तरच काटा अडला म्हणावं. गुडघेदुखी, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं हे खरंच, पण ‘या वयात झेपणार नाही’ हा सरसकट आक्षेप विलारियल यांच्या पासष्टीपुढच्या माणसांनी निकालात काढला आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे: वजन उतरवणारी इंजेक्शनं आली, आता एवढा खटाटोप कशाला? मौंजारो या औषधाचा मूळ घटक कॉर्कजवळच्या किन्सेलमधल्या कारखान्यात बनतो, त्यामुळे आयर्लंडमध्ये हा प्रश्न अधिकच घरचा झाला आहे. ही औषधं भुकेवरच घाव घालतात, म्हणजे अडथळ्याच्या मुख्य कारणावर. त्यांना कमी लेखण्यात शहाणपण नाही. पण या जातीच्या आधीच्या पिढीतल्या लिराग्लुटाइडवर डेन्मार्कमध्ये झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो इथे निर्णायक वाटतो. १९५ माणसांनी आठ आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३.१ किलो उतरवले. मग वर्षभर काहींना नुसतं औषध, काहींना नुसता व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. व्यायामाच्या गटवर्गांत सायकलवरचे जोराचे टप्पे आणि ताकदीच्या व्यायामांची फेरी, असा मेळ होता. वर्षाअखेर काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत व्यायाम करणारे ४.१ किलोंनी हलके होते, औषध घेणारे ६.८ आणि दोन्ही करणारे ९.५ किलोंनी, शरीरातल्या चरबीच्या प्रमाणातली घट तर दोन्ही करणाऱ्यांत एकेकट्या उपायाच्या सुमारे दुप्पट. मग सगळंच थांबवलं आणि आणखी एका वर्षाने पुन्हा मोजलं. ज्यांनी नुसतं औषध घेतलं होतं, त्यांचं वजन झपाट्याने परतलं होतं. व्यायामाच्या वर्गांना गेलेल्यांनी, मग औषध घेतलेलं असो वा नसो, त्यांच्यापेक्षा बरंच जास्त राखलं होतं. त्यांच्यावर आता कुणाची देखरेख नव्हती, वर्गही नव्हते.